रिमोटचं विमान: घराजवळचं मैदान की क्लब?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला दरवर्षी एप्रिल-मेमध्ये येतो. बर्फ वितळलेलं असतं, लेकाला किंवा लेकीला रिमोटचं विमान हवं असतं, आणि आईबाबा विचारतात: शाळेमागच्या मैदानात उडवू दे, की अशी विमानं उडवणाऱ्यांच्या क्लबात नाव घालू? मी दोन्ही केलंय. आधी दोन उन्हाळे एकट्यानं उडवलं, मग ओहायोतल्या एका क्लबात गेलो आणि तिथेच रमलो. माझं मत आधीच सांगतो: विमान 250 ग्रॅमपेक्षा हलकं असेल तर खुशाल मैदानात उडवा. तेवढं किंवा त्याहून जड असेल तर क्लब शोधा.

250 ग्रॅम हा आकडा मी मनानं काढलेला नाही. एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान-वाहतूक खात्याचे, नियम तिथेच बदलतात. हौसेनं उडवणाऱ्या प्रत्येकाला ‘ट्रस्ट’ नावाची छोटी ऑनलाइन परीक्षा द्यावी लागते. ती फुकट आहे आणि अर्ध्या तासात उरकते. पण वजन 250 ग्रॅम किंवा जास्त झालं की नोंदणी आली. ती 5 डॉलरची, 3 वर्षांसाठी. मिळालेला नंबर विमानाच्या बाहेरच्या बाजूला, दिसेल असा लिहायचा. मूल 13 वर्षांखालचं असेल तर नोंदणी मोठ्या माणसाच्या नावानं होते. शिवाय रिमोट आयडी, म्हणजे विमान कुठे आहे हे हवेत सतत सांगणारा छोटा डबा. मार्च 2024 पासून त्याची अंमलबजावणी कडक झाली आहे. बऱ्याच क्लबांच्या मैदानांना एफएएची मान्यता असते आणि तिथे हा डबा लागत नाही. मैदानात एकट्यानं मोठं विमान उडवायचं तर तो विकत घ्यायचा आणि विमानात बसवायचा.

मैदानाचंही तपासून घ्या. जवळ विमानतळ असेल तर फोनवरच्या ॲपमधून आधी परवानगी लागते. नसेल तरी 400 फुटांच्या वर जायचं नाही. काही गावांनी आपल्या पार्कांत उडवायला मनाई केलेली आहे, आणि नॅशनल पार्कमध्ये तर 2014 पासून बंदीच आहे.

पण माझं मत कागदपत्रांवरून बनलेलं नाही. माझं पहिलं विमान दीड मीटर पंखांचं होतं. फोमचं, पंख धडाच्या वर, दोन्ही टोकं किंचित उचललेली. शिकण्यासाठी योग्य तेच घेतलं होतं. लांब जाताना ते छान उडलं. वळवून माझ्याकडे आणलं तेव्हा ते माझ्या डाव्या हाताला कलायला लागलं. सावरायला मी रिमोटची दांडी उजवीकडे ढकलली. ते आणखी कललं, मी आणखी ढकलली, आणि तीन सेकंदांत नाक मेपलच्या खोडात. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा त्याचा उजवा पंख आपल्या डावीकडे असतो, एवढीच गोष्ट. उपायही एका ओळीचा आहे: जो पंख खाली गेलाय, त्याच बाजूला दांडी न्यायची, जणू त्या पंखाला खालून टेकू देतोय. हे मला नंतर क्लबात कळलं. तोवर मी तीन नाकं आणि दोन प्रोपेलर मोडले होते.

क्लबात हेच ‘बडी बॉक्स’वर शिकवतात. दोन रिमोट एकमेकांना जोडलेले असतात, एक मुलाच्या हातात, एक शिकवणाऱ्याच्या. शिकवणारा एक बटण दाबून धरतो तोवर विमान मुलाचं. ते झुकायला लागलं की तो बोट उचलतो, विमान सावरून वर नेतो आणि पुन्हा देतो. आमच्याकडे शिकवणाऱ्या निवृत्त गृहस्थांना माझी मुलगी पहिल्याच दिवशी ‘काका’ म्हणायला लागली. त्यांनी तिला पहिल्या दिवशी सहा वेळा चूक करू दिली आणि सहाही वेळा विमान वरच राहिलं. एकट्यानं शिकताना एका चुकीत दुपार संपते, म्हणून मी क्लबाच्या बाजूनं एवढं बोलतो.

हल्लीच्या विमानांत जायरो, म्हणजे विमान आपोआप सावरणारं छोटं यंत्र, असतो, घाबरलात तर एक बटण दाबून ते सरळ होतं, मग शिकवणारा कशाला, असं दुकानदार सांगतात. जायरो पंख सपाट ठेवतो, पण वाऱ्यानं विमान शेजारच्या अंगणाकडे चाललंय हे त्याला कळत नाही.

विम्याचा मुद्दा लोक विसरतात. बहुतेक क्लब अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सशी जोडलेले असतात. ही 1936 पासूनची संस्था, मुख्यालय इंडियानातल्या मन्सीत. आपल्या विमानानं दुसऱ्याचं नुकसान झालं तर तिच्या सदस्याला 25 लाख डॉलरपर्यंतचं संरक्षण मिळतं, पण आधी तुमच्या घराचा विमा लागू होतो, मग हे. नुसत्या मैदानात, सदस्यत्वाशिवाय, तुमच्या विमानानं कुणाच्या गाडीची काच फुटली तर तुम्ही आणि तुमचा विमा.

क्लबाच्या अडचणीही खऱ्या आहेत. दोन वर्गण्या भराव्या लागतात, राष्ट्रीय आणि स्थानिक. मैदान सहसा गावाबाहेर असतं, आम्हाला चाळीस मिनिटं लागतात. सदस्यांत आजोबांच्या वयाचे जास्त. तुमचं मूल तिथे एकटंच मूल असण्याची शक्यता बरीच. बाकी कारभार आपल्या मंडळासारखा: वार्षिक सभा, समिती, पॉटलक, गवत कापायची पाळी. ज्यांना मंडळाचं काम जिवावर येतं त्यांनी हे धरून चालावं. आणि मूल महिन्यातून एकदाच उडवणार असेल, तर हलकं विमान आणि शाळेमागचं मैदान हेच बरोबर. मात्र त्या विमानाला वारा अजिबात सोसत नाही, झाडाची पानं हलत असतील तर पेटीतच राहू द्या.

रिमोटच्या विमानांच्या मेळाव्यांबद्दल विचारणारे थेट मोठ्या नावांकडे जातात. साउथ कॅरोलायनातल्या वुडरफला मे महिन्यात ‘जो नॉल वीक’ नावाचा मेळावा भरतो. तळ्यावर आणि वेगवेगळ्या उड्डाणपट्ट्यांवर एकाच वेळी खेळ चालू असतो. फ्लोरिडातली ‘टॉप गन’ ही खऱ्या विमानांच्या हुबेहूब प्रतिकृतींची स्पर्धा; तिथे पत्रा जोडणारे रिव्हेटसुद्धा परीक्षक तपासतात. दोन्ही एकदा बघावीत अशीच. पण निर्णय करायला त्यांचा उपयोग नाही, कारण तिथे शिकणारा कुणी दिसत नाही. त्यासाठी जवळच्या क्लबाचा ‘फन फ्लाय’, म्हणजे मौजेनं उडवायचा छोटा मेळावा, गाठा. अनेक ठिकाणी पाहुण्या मुलांना बडी बॉक्सवर उडवायला देतात. जोडीला जुन्या सामानाचा बाजार असेल तर वापरलेलं विमान स्वस्तात मिळतं. फुगलेली बॅटरी मात्र फुकट दिली तरी घेऊ नका, ती पेट घेऊ शकते.

फन फ्लाय लांब असेल तर शनिवारी सकाळी नऊला क्लबाच्या मैदानावर जा, तेव्हा वारा कमी असतो. टोपी, पाणी आणि घडीची खुर्ची न्या, कुंपणाच्या अलीकडे थांबा. कुणी ना कुणी विचारपूस करायला येतंच. त्यांना एवढंच विचारा: तुमच्याकडे बडी बॉक्सवर शिकवणारं कोण आहे, आणि ते कोणत्या वारी येतात? वार ठरलेला असेल तर नाव घाला. “बघू, येतं कुणीतरी” असं उत्तर आलं, तर पुढच्या क्लबाला फोन करा.