थोरल्या भावांचा हिशेब: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचा परामर्श

पुरुषांचा लैंगिक कल जन्माआधीच ठरू लागतो का, आणि तसे असेल तर गर्भाशयात नेमके काय घडते, या एकाच प्रश्नाला वाहिलेला आठ व्याख्यानांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. प्रत्येक व्याख्यान साधारण पाऊण तासाचे असून त्यानंतर छोटी चाचणी असते, आणि सर्वांत शेवटी एक गणकयंत्र दिलेले आहे, ज्याच्याबद्दल माझी तक्रार आहे. मी तीन भावांतला धाकटा असल्यामुळे माझे कुतूहल निव्वळ शास्त्रीय नव्हते, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिली दोन व्याख्याने परिभाषेत आणि इतिहासात जातात. ज्यांना या विषयाची तोंडओळख आहे त्यांनी ती वगळली तरी चालेल.

अभ्यासक्रमाचे खरे बळ तिसऱ्या आणि चौथ्या व्याख्यानांत आहे. रे ब्लँचर्ड आणि अँथनी बोगार्ट या संशोधकांनी १९९६ मध्ये मांडलेले निरीक्षण असे की, एखाद्या पुरुषाला जितके थोरले भाऊ अधिक, तितकी तो समलैंगिक असण्याची शक्यता वाढते, आणि प्रत्येक थोरल्या भावामागे ही वाढ सुमारे एक तृतीयांश असते. थोरल्या बहिणींमुळे असा फरक पडत नाही. ‘एक तृतीयांश वाढ’ हे शब्द ऐकताच सामान्य वाचक दचकतो, म्हणून प्राध्यापिकाबाई लगेच फळ्यावर हिशेब मांडतात, आणि तो मला फार आवडला. मूळ शक्यता २ टक्के धरली, तर एका थोरल्या भावाने ती जेमतेम २.६ टक्क्यांवर जाते आणि तिघांनी साडेचार टक्क्यांच्या आसपास पोहोचते. म्हणजे तीन थोरले भाऊ असलेल्या शंभर पुरुषांपैकी पंचाण्णवांच्या बाबतीत काहीच वेगळे घडलेले नसते. सापेक्ष वाढ आणि प्रत्यक्ष शक्यता यांतला हा फरक वर्तमानपत्री मथळ्यांत हमखास हरवतो.

पुढचा प्रश्न स्वाभाविक आहे: हा घरातल्या वातावरणाचा, भावांच्या सहवासाचा परिणाम कशावरून नसेल? याचे उत्तर बोगार्ट यांच्या २००६ च्या अभ्यासातून दिले आहे. त्यांनी ९४४ पुरुषांच्या माहितीत सख्खे भाऊ आणि सावत्र किंवा दत्तक भाऊ यांना वेगळे काढले, तेव्हा एकाच आईच्या पोटी जन्मलेल्या थोरल्या भावांचीच संख्या महत्त्वाची ठरली, मग ते भाऊ एका घरात वाढलेले असोत वा नसोत. याचा अर्थ, ‘आठवण’ राहते ती धाकट्याच्या मनात नव्हे, तर आईच्या शरीरात. मुलगा पोटात असताना, केवळ पुरुषांत असणाऱ्या वाय गुणसूत्रामुळे तयार होणारी काही प्रथिने आईच्या प्रतिकारसंस्थेला परकी वाटतात, तिच्या रक्तात त्यांच्याविरुद्ध लढणारी प्रतिपिंडे (अँटीबॉडीज) तयार होतात आणि पुढच्या मुलग्यांच्या वेळी ती गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचत असावीत, असे हे गृहीतक आहे. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह आणि बाळाचा पॉझिटिव्ह असल्यास दुसऱ्या बाळंतपणात उद्भवणारी अडचण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे चटकन समजते, आणि बाईंनीही तोच दाखला घेतला आहे. बोगार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात समलैंगिक मुलग्यांच्या आयांच्या रक्तात एनएलजीएन४वाय या, वाय गुणसूत्रामुळेच बनणाऱ्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे जास्त आढळली, विशेषतः त्या मुलग्यांना थोरले भाऊ असताना. मात्र अशा आया केवळ ५४ होत्या आणि रक्त मुलगे मोठे झाल्यानंतर घेतलेले होते, ही मर्यादा बाई स्वतःच सांगतात, तीही कुजबुजत नव्हे.

इतक्या काळजीने शिकवणाऱ्या बाईंनी पुढच्या दोन अभ्यासांचा उल्लेखही करू नये, याचे मात्र आश्चर्य वाटते. नेदरलँड्समधल्या ९० लाखांहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारलेल्या २०२२ च्या अभ्यासात थोरल्या भावांचा परिणाम दिसला, पण तो स्त्रियांमध्येही दिसला. वाय गुणसूत्राच्या प्रथिनांवर उभ्या असलेल्या स्पष्टीकरणात मुलींचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. २०२३ मध्ये तर संशोधकांच्या एका गटाने आधीच्या विश्लेषणपद्धतीवरच आक्षेप घेतला आणि या परिणामाचा काही भाग आकडेशास्त्रीय आभास असू शकतो असे म्हटले.

पाचवे व्याख्यान संप्रेरकांचे आहे आणि ते सर्वांत कच्चे आहे. सुरुवात १९५९ च्या गिनीपिगवरील प्रयोगांनी होते, हे योग्यच, कारण गर्भावस्थेतले टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक पुढच्या लैंगिक वर्तनाची घडी बसवते ही कल्पना तिथून रुजली. पण नंतरची वीस मिनिटे तर्जनी आणि अनामिका यांच्या लांबीच्या गुणोत्तरावर खर्च केली आहेत. समलैंगिक आणि भिन्नलैंगिक पुरुषांत या गुणोत्तराचा फरक अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात टिकत नाही. टिकतो तो स्त्रियांमध्ये. मग पुरुषांवरील अभ्यासक्रमात ही बोटे इतका वेळ का नाचवली, हे कळत नाही.

सहाव्या व्याख्यानात मेंदू येतो. मेंदूशास्त्रज्ञ सायमन लेव्हे यांनी १९९१ मध्ये ४१ मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास करून हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातला पेशींचा एक लहानसा पुंजका समलैंगिक पुरुषांत आकाराने कमी असल्याचे सांगितले. अभ्यासातले सर्व समलैंगिक पुरुष एड्सने दगावलेले होते, आणि २००१ मध्ये झालेल्या पुनर्तपासणीत त्या पुंजक्यातल्या पेशींच्या संख्येत फरक आढळला नाही. दोन्ही गोष्टी इथे नीट सांगितल्या आहेत. मला अधिक भावले ते मेंढ्यांचे प्रकरण: सुमारे ८ टक्के मेंढे माद्यांकडे ढुंकूनही न पाहता नरांचीच निवड करतात आणि त्यांच्या मेंदूतला तत्सम पुंजका इतर मेंढ्यांपेक्षा लहान असतो. संस्कार, संगत, फॅशन ही माणसाला लावली जाणारी सगळी कारणे मेंढ्याला लावता येत नाहीत, म्हणून हा पुरावा बोलका आहे.

जनुकांवरचे सातवे व्याख्यान घाईत उरकले आहे. २०१९ मध्ये सुमारे पावणेपाच लाख लोकांच्या अभ्यासातून एकही निर्णायक जनुक हाती लागला नाही, एवढे त्यातून मिळते. आठवे म्हणजे उजळणी.

आता ते गणकयंत्र. ‘तुमच्या थोरल्या भावांची संख्या लिहा’ असे ते विचारते आणि एक टक्केवारी समोर ठेवते. मी दोन लिहिले. उत्तर आले ३.५ टक्के. माझा सर्वांत मोठा भाऊ वडिलांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा आहे, म्हणजे आमची आई एक नाही, आणि चौथ्या व्याख्यानानुसार तो या हिशेबात धरायलाच नको. त्याच व्याख्यानात, हा परिणाम प्रामुख्याने उजव्या हाताच्या पुरुषांत आढळतो, असे २००६ च्या एका अभ्यासाच्या आधारे शिकवले आहे. मी डावखुरा आहे. तेव्हा दुसरा भाऊही वजा झाला. यंत्राने ना आई विचारली, ना हात. मी आयोजकांना तसे कळवले, तेव्हा ते साधन ‘केवळ गंमत म्हणून’ असल्याचे उत्तर आले, पण पानावर तसा एकही शब्द लिहिलेला नाही आणि अंतिम प्रमाणपत्रासाठी ते वापरणे सक्तीचे आहे.