वॉर्मर की आईची छाती?

भाचीचं बाळ दीड किलोचं. वॉर्मरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या यंत्राखाली, राहू द्यावं की उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरावं, हा तिचा प्रश्न.

ऊब दोन्हीकडे मिळते. वॉर्मरला वीज आणि नर्स लागते; छातीशी धरायला कापडी पट्टा पुरतो, पण माणूस लागतो दिवसाचे 8 ते 24 तास. एकट्या बाळंतिणीवर हे टाकू नका. बाबा, आजी यांनी पाळ्या लावाव्यातच.

2021 मध्ये भारतासह पाच देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. बाळं 1 ते 1.8 किलोची. जन्मल्यावर लगेच छातीशी धरलेल्यांत 28 दिवसांतले मृत्यू 12 टक्के. प्रकृती स्थिर होईपर्यंत वॉर्मर किंवा इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्यांत 15.7. हा फरक फार मोठा आहे.

बाळ व्हेंटिलेटरवर किंवा अत्यवस्थ असेल तर यंत्रच हवं. भाचीच्या बाळासारखं स्वतः श्वास घेणारं असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली छातीशीच.