टेराकॉपी: एरर पकडतं, ड्राइव्ह दुरुस्त करत नाही

नागपूरच्या बर्डीतून पेनड्राइव्ह घ्यायचा, लग्नाचं शूटिंग त्यात भरून गिऱ्हाईकाला द्यायचं आणि आठवड्याने ‘व्हिडिओ उघडत नाही’ असा फोन यायचा, ही कटकट ज्यांची आहे त्यांनी टेराकॉपी हे विंडोजवर फायली कॉपी करायचं सॉफ्टवेअर जरूर टाकावं. यातलं ‘व्हेरिफाय’ चालू ठेवलं की कॉपी झाल्यावर प्रत्येक फाइल परत वाचून मूळ फाइलशी चेकसम (फाइलमधल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ताडला जातो. वेळ जास्त लागतो, पण तो लागू द्यावा. एखादी फाइल वाचता आली नाही तर ती बाजूला ठेवून बाकीच्या पुढे जातात, आणि यादीत नेमकी कुठली अडली ते दिसतं.

नकली पेनड्राइव्ह इथेच उघडा पडतो. वर ५१२ जीबी, आत चिप ३२ची. विंडोजची साधी कॉपी शेवटपर्यंत बिनतक्रार होते, पुढच्या फायलींत मात्र कचरा असतो. नवा ड्राइव्ह रिकामा असतानाच एचटूटेस्टडब्ल्यूने (ड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघणारं सॉफ्टवेअर) पूर्ण तपासलेला बरा. १० एमबी प्रतिसेकंद वेगाने ६४ जीबी लिहायलाच पावणेदोन तास जातात, त्यामुळे दुकानात उभं राहून हे होत नाही. नकली निघाला तर परत करता यावा म्हणून बिल मागून घ्या.

काही एरर मात्र टेराकॉपीच्या हातातले नाहीत. जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ आलं तर ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये आहे, त्यात ४ जीबीची एक फाइल मावत नाही. डेटा दुसरीकडे काढून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. डिस्क मधेच गायब होत असेल तर आधी कॅबिनेटचा पुढचा पोर्ट सोडून मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावा. वीज कमी पडली तरी डिस्क गायब होते: यूएसबी २ला ५०० मिलिअँपिअरच मिळतात, यूएसबी ३ला ९००. मे महिन्यात बंद खोलीत एनव्हीएमई एन्क्लोजर (वेगवान एसएसडी बसवायची बाहेरची डबी) तापून वेग कोसळतो, तेव्हा पंखा लावा, सॉफ्टवेअर बदलू नका.

‘सायक्लिक रिडंडन्सी चेक’ असा एरर आला तर सहसा खराब सेक्टर, म्हणजे डिस्कचा न वाचता येणारा भाग. अशा डिस्कवर लगेच दुरुस्तीचं चेकिंग चालवू नका. मरणाऱ्या डिस्कला ते जड जातं. वाचता येतील त्या फायली आधी काढा. टकटक आवाज येत असेल तर तेही नको, सरळ बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

घरगुती वापराला टेराकॉपी फुकट आहे. स्टुडिओत किंवा दुकानात वापरायचं तर लायसन्स घ्यावं लागतं.