पायाचं मॉडेल: सुरल नर्व्ह आहे, पण वरून अर्धवट

गुडघ्यापासून तळव्यापर्यंतचं, खऱ्या मापाचं पीव्हीसी मॉडेल. हातात घेतल्यावर आधी उलटं करून पोटरी बघा. पुढून सगळीच मॉडेलं छान दिसतात.

घोट्यापाशी काम सुरेख आहे. पिवळी सुरल नर्व्ह (पावलाच्या बाहेरच्या कडेची संवेदना नेणारा मज्जातंतू) निळ्या स्मॉल सॅफेनस व्हेनला, म्हणजे पोटरीमागच्या शिरेला, चिकटून अकिलीस टेंडनच्या (टाचेमागचा जाड कंडरा) बाहेरच्या कडेने उतरते, बाहेरच्या घोट्यामागून वळते आणि पावलाच्या कडेने करंगळीपर्यंत जाते. घोट्यामागून टेप लावून 14 सेंटिमीटर वर खूण करा: नर्व्ह कंडक्शन तपासणीत (नर्व्ह संदेश कसा वाहते ते बघणारी) शॉक साधारण तिथेच देतात. बायोप्सीला (तुकडा काढून तपासायला) हीच नर्व्ह का घेतात, तेही इथेच समजतं. उथळ आहे आणि निव्वळ संवेदनेची. काढली तरी पाऊल हलतं, बाहेरची कड तेवढी बधिर होते.

गडबड वरच्या निम्म्यात आहे. मॉडेलमध्ये टिबियल नर्व्हमधून (गुडघ्यामागून पोटरीत उतरणारी मोठी नर्व्ह) एकच दोरी निघून सरळ खाली येते. बहुतेक पायांत मात्र टिबियलकडून आलेल्या मीडियल सुरल क्युटेनियस शाखेला कॉमन पेरोनियलकडची (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची दुसरी मोठी नर्व्ह) जोडशाखा वाटेत मिळते, तेव्हा कुठे सुरल तयार होते. काही पायांत ही शाखा मिळतच नाही, म्हणून मॉडेल अगदीच खोटं म्हणता येत नाही. पण शिकायला नेहमीचं रूप हवं. जोडशाखा म्हणून पिवळी लोकर डबल टेपने चिकटवली की काम भागतं.

त्याहून मोठी चूक खोलीची. वरच्या निम्म्यात ही नर्व्ह गॅस्ट्रोक्नेमियसच्या (पोटरीचा मोठा स्नायू) दोन डोक्यांच्या खाचेत, डीप फॅशियाखाली (स्नायूंवरचं घट्ट आवरण) असते आणि पोटरीच्या मध्याच्या आसपास फॅशिया भेदून कातडीखाली येते. इथे फॅशियाच नाही, त्यामुळे ती गुडघ्यापासूनच कातडीखाली असल्यासारखी वाटते. पोटरीवर पारदर्शक प्लास्टिक ताणून मध्यावर चीर द्या आणि लोकर त्यातून बाहेर काढा.

गॅस्ट्रोक्नेमियस खुंट्यांवर बसतो. तिरका ओढला की कडेचा पिवळा रंग खरवडतो, तेव्हा सरळ मागे काढा. पुसायला साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं पुरे. नेलपेंट रिमूव्हरने रंग जातो.

आतल्या बाजूला ग्रेट सॅफेनस व्हेन आहे, शेजारची सॅफेनस नर्व्ह रंगवलेलीच नाही. ती हवी असेल तर जांघेपासूनचं मॉडेल बघा. जांघेतल्या फिमोरल नर्व्हपासूनची तिची वाट गुडघ्याखालच्या तुकड्यात कळणारच नाही.