.२२, मॅग्नम की .२२३? टेक्सासात जागा घेतलेल्यांसाठी बारीक बोअरच्या रायफलींची तुलना

ऑस्टिन किंवा ह्यूस्टनबाहेर पाच-दहा एकर घेतले की पहिलं वर्ष बोअरवेल आणि कुंपणातच जातं. मग कोंबड्या येतात, कोंबड्यांच्या वासावर रॅकून आणि कोयोटी येतात, एखाद्या रात्री रानडुकरं सगळी हिरवळ उकरून ठेवतात. शेजारी म्हणतो, ‘एक टू-टू (म्हणजे .२२) घेऊन ठेव.’ दुकानात गेलं की काउंटरवर एआर-१५ ही .२२३ ची सेमी-ऑटोमॅटिक (प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल समोर येते. आणि आपल्या माणसाचा हिशेब ठरलेला: एकच घेऊ, पण ससा, डुक्कर आणि चोर या तिघांनाही चालेल अशी घेऊ.

खरेदीआधी व्हिसा बघा. ग्रीन कार्डवाल्यांना अडचण नाही. पण एच-१बी, एल-१, एफ-१ किंवा एच-४ वर असाल तर केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, काडतुसं बाळगायलाही मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला सर्रास वापरला जाणारा म्हणजे कुठल्याही एका राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. बंदूक घेताना दुकानात भरायच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, बंदुकीच्या दुकानदाराला नको.

आता रायफली. .२२ एलआर (लाँग रायफल), .२२ मॅग्नम आणि .२२३ रेमिंग्टन या तिघींच्या गोळीची जाडी जवळपास सारखीच, साडेपाच-पावणेसहा मिलिमीटर. फरक आहे तो मागे भरलेल्या दारूचा. एलआरची ४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी नळीतून सेकंदाला साधारण १,२०० फूट वेगानं निघते, ऊर्जा १३०-१४० फूट-पाउंड. मॅग्नममध्ये तेवढ्याच वजनाची गोळी १,९००च्या आसपास जाते आणि ऊर्जा ३०० च्या वर. .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी ३,२०० फुटांवर पळते, ऊर्जा सुमारे १,२८०. म्हणजे एलआरच्या नऊपट. त्यामुळे ‘बारीक बोअर’ (म्हणजे नळीचा आतला व्यास लहान) या एका शब्दावर निर्णय घेण्यात अर्थ नाही.

.२२ एलआर

हे काडतूस १८८७ सालचं आणि आजही सगळ्यांत जास्त वापरात असलेलं. आपल्याकडे ते ऑलिंपिकमुळे माहीत: कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ साली पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ मिळवलं ते याच काडतुसावर. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ असतं १०.४ मिलिमीटरचं. अचूकपणाबद्दल वेगळं सांगायला नको.

झटका नाहीच, त्यामुळे शिकायला यासारखं दुसरं काही नाही. काडतूस साधारण आठ-दहा सेंटला पडतं, .२२३ चं त्याच्या चार-पाचपट. खारी आणि ससे यांच्यासाठी ५० यार्डांच्या आत हीच रायफल. डोक्यात मारली तर मांस जसंच्या तसं राहतं. पिंजऱ्यात सापडलेल्या रॅकूनलाही पुरते. रुगर १०/२२ ही १९६४ पासून चालत आलेली सेमी-ऑटोमॅटिक बहुतेक जण घेतात. मला विचाराल तर शिकणाऱ्यानं बोल्टची, म्हणजे दर वेळी हातानं बोल्ट ओढून काडतूस भरायची घ्यावी. एकेक काडतूस विचार करून झाडलं जातं.

मर्यादा मात्र लवकर दिसतात. ५० यार्डांवर जुळवलेली दुर्बीण घेऊन १०० यार्डांवर मारा, गोळी सहा-सात इंच खाली जाते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर आणखी पाचेक इंच बाजूला. हरणावर मारणं चुकीचं तर आहेच, टेक्सासात बेकायदेशीरही आहे. व्हाइट-टेल आणि म्युल डिअर या हरणांना रिमफायर काडतूस चालत नाही, आणि एलआर रिमफायरच आहे. मोकळ्या रानडुकरावरही नको.

रिमफायर म्हणजे काय ते काडतूस उलटं धरून बघा. बुडाला मध्ये टिकली नाही. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या पोकळ घडीत फिरवलेला असतो आणि फायरिंग पिन ती कड चेचते. कडेच्या एखाद्या भागात मसाला कमी पडला आणि पिन नेमकी तिथेच बसली, तर नुसतं ‘टक्’. सरावात अशा वेळी नळी समोर ठेवून अर्धा मिनिट थांबायचं, मग काडतूस काढायचं. दारात कोणी उभं असताना अर्धा मिनिट कुठून आणणार?

आणखी एक. .२२ च्या खोक्यावर दीड मैल पल्ल्याची ताकीद छापलेली असते. पाच एकराचा चौकोनी प्लॉट एका बाजूला जेमतेम १४२ मीटर भरतो. मातीचा भक्कम बांध पाठीशी नसेल तर कुठलीच रायफल झाडू नका. संथ शिशाची गोळी कडक जमिनीवरून आणि पाण्यावरून उसळतेही. शिवाय शहराच्या हद्दीबाहेरच्या सबडिव्हिजनमध्ये दहा एकर किंवा त्याहून लहान प्लॉटवर गोळीबाराला बंदी घालायचा अधिकार टेक्सासात काउंटीला आहे. आधी काउंटीत विचारा. बंदी असली तर जमिनीवर पिंजरे लावा आणि हौस रेंजवर भागवा.

मधल्या दोघी

.२२ मॅग्नम १९५९ सालची, तिचंच काडतूस तोंडाशी आवळून २००२ मध्ये .१७ एचएमआर निघाली. कोल्ह्यासाठी १०० यार्डांपर्यंत मॅग्नम ठीक. एचएमआर सरळ आणि वेगानं जाते पण खारीचं मांस फाडते. दोन्हींची काडतुसं एलआरच्या तिप्पट दरानं पडतात, आणि हरीण दोन्हींनी मारता येत नाही, कारण रिमफायरच. ज्याला फक्त कोंबड्यांचं खुराडं राखायचंय त्यानं मॅग्नम घ्यावी, बाकीच्यांनी पैसे वाचवावेत. मॅग्नमच्या चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागी) एलआरचं काडतूस चुकूनही घालू नका. सैल बसतं, फाटतं आणि गॅस तोंडावर येतो.

.२२३ रेमिंग्टन

ही सेंटरफायर, बुडाला मध्ये वेगळी टिकली असलेली, म्हणून भरवशाची. २०० यार्डांपर्यंत कोयोटी आरामात. टेक्सासात हरणालाही कायदेशीर आहे. व्हर्जिनियात आणि कोलोरॅडोत नाही, तिथे किमान बोअर अनुक्रमे .२३ आणि .२४ इंच लागतं. म्हणून भावाच्या किंवा मित्राच्या राज्यात शिकारीला जाण्याआधी तिथले नियम वाचावेत.

रानडुकरासाठी गोळीची निवड महत्त्वाची. लहान उपद्रवी प्राण्यांसाठी बनवलेली पातळ कवचाची गोळी डुकराच्या खांद्यावरच फुटते आणि जखमी जनावर झाडीत जातं. ६० ग्रेनच्या पुढची, कवच आणि शिसं जखडलेली किंवा पूर्ण तांब्याची घ्या आणि कानामागे मारा. २०१९ पासून टेक्सासात खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं डुक्कर मारायला शिकार परवाना लागत नाही. अर्थात व्हिसाची अट भागवायला परवाना काढलेल्यांनी तो चालूच ठेवायचा.

घरात कोणी शिरलं तर

‘.२२ नं माणसं मरत नाहीत’ हे थोतांड आहे, भरपूर मरतात. प्रश्न आहे तो लगेच थांबण्याचा. एफबीआय आपल्या गोळ्यांना चाचणीच्या जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच शिरण्याची अट लावते; .२२ ची गोळी तिथपर्यंत कधी पोचते, कधी नाही, आणि पोचली तरी वाट बारीक असते. हात थरथरणाऱ्या सासूबाईंना झटका सोसत नसेल आणि घरात तेवढंच असेल तर तेही चालेल. निवडीला वाव असताना कोणी .२२ घेऊ नये.

.२२३ तो माणूस थांबवते. पण बंद खोलीत तिचा एकच बार १५५ डेसिबलच्या वर जातो, कानाचं कायमचं नुकसान १४० लाच होऊ शकतं. आणि अमेरिकन घराच्या भिंती म्हणजे दोन बाजूंना अर्धा इंच ड्रायवॉल. इथे सांगितलेल्या चारही गोळ्या त्यातून पलीकडे जातात. हलकी .२२३ फुटून लवकर दमते इतकंच. पलीकडच्या खोलीत मुलं झोपलेली असतील तर कुठल्या दिशेला झाडायची नाही हे आजच घरात फिरून ठरवा. घरात सतरा वर्षांखालचं मूल असेल आणि भरलेली बंदूक त्याच्या हाती लागेल अशी ठेवली, तर टेक्सासात तो गुन्हा आहे. तिजोरीची किंमत रायफलीच्याच बजेटमध्ये धरा.

माझं मत विचाराल तर तिन्ही कामांना एकच रायफल हवी असेल तेव्हा ती .२२३. पण कधीच बंदूक धरली नसेल तर पहिली .२२ एलआरची बोल्ट रायफल घ्या, एक हंगाम रेंजवर काढा, मग .२२३ कडे वळा. दोन्ही मिळून खर्च एका चांगल्या एआरच्या फार पुढे जात नाही. कॅलिफोर्नियातल्यांना हे गणित जड जाईल, कारण तिथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं नसलेलीच गोळी लागते आणि .२२ मध्ये अशी काडतुसं मोजकीच मिळतात. .२२ घेतल्यावर लगेच पेटी उचलू नका. या रायफली काडतुसाच्या बाबतीत नखरेल असतात. चार-पाच कंपन्यांचं एकेक खोकं आणा, ५० यार्डांवर प्रत्येकाच्या पाच गोळ्या मारा आणि ज्यांची भोकं सगळ्यांत जवळ पडतील ती पेटीनं घ्या.