अँजेलिक किजोचा ‘सेलिया’: नाचता नाचता ऐकायचा अल्बम

क्यूबाची गायिका सेलिया क्रूझ म्हणजे साल्साची, त्या ठेकेबाज लॅटिन नाचगाण्याची राणी, तिची गाणी दुसऱ्या कुणी गाणार म्हटलं की मला धडकीच भरते. पण अँजेलिक किजोने २०१९ च्या या अल्बममध्ये नक्कल केलीच नाहीये, क्यूबाची ती गाणी उचलून तिने सरळ पश्चिम आफ्रिकेतल्या आपल्या बेनिनला नेलीत. आणि हक्काने नेलीत हं! बाईंचा जन्म १९६० चा, विदाहचा. याच बंदरातून लाखो माणसं गुलाम करून जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली, आणि याच किनारपट्टीवरून तिथल्या योरुबा लोकांचे देव क्यूबात पोचले. येमाया, एलेग्वा, ओया... सेलियाने हवानात त्यांची गाणी म्हटली, आता योरुबा बोलणारी बाई तीच गाणी म्हणतेय, अंगावर काटाच येतो.

ड्रम्सवर टोनी अ‍ॅलन आहेत, नायजेरियाच्या फेला कुटीसोबत अ‍ॅफ्रोबीट (आफ्रिकी ताल, जॅझ आणि फंक यांचं मिश्रण) घडवणारे तेच, बेसवर मिशेल एन्डेगेओचेलो आणि पितळी वाद्यांना बेनिनचा गांगबे ब्रास बँड, म्हणजे वरातीत बँड आला की पाय आपोआप हलतात ना तसंच होतं. टोनी २०२० मध्ये गेले, त्यामुळे ‘किंबारा’ ऐकताना आता जरा हळवं व्हायला होतं.

किजो गाते तेव्हा ती नाचतेय हे नुसतं ऐकूनही कळतं, शब्द ताशाच्या काडीसारखे पडतात. सहाव्या वर्षापासून आईच्या नाटकमंडळीत स्टेजवर होती, १९८३ मध्ये हुकूमशाही राजवटीला कंटाळून पॅरिसला गेली, तिथे जॅझ शिकली, मग १९९१ चा ‘लोगोझो’ अल्बम, १९९४ चं ‘आगोलो’ गाणं... कॉन्सर्टमध्ये लोकांना स्टेजवर बोलावून सोबत नाचवते, व्हिडिओ बघा एखादा! ‘सेलिया’ला ग्रॅमी मिळालं (एकूण पाच आहेत बाईंकडे) तर तिने ते स्टेजवरूनच नायजेरियाचा गायक बर्ना बॉय याला अर्पण केलं, जो त्याच गटात नॉमिनेट होता. मोठं मन लागतं याला.

तक्रार म्हणाल तर ज्यांना अस्सल साल्साचा खणखणीत पियानो हवाय त्यांना चुकल्यासारखं वाटेल, आणि दहाच गाणी आहेत, पटकन संपतो. ‘सहारा’ संथ आहे, ते रात्री ऐका. सुरुवात मात्र ‘कुकाला’ने करा, मोबाईलच्या स्पीकरवर नको, बेस नीट ऐकू येईल अशा कशावर तरी. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.