राउटिंग ॲप एक अख्खा मोसम वापरल्यावर: फुकेत ते मालदीव

शिडाच्या बोटीने लांब पल्ल्याला निघणाऱ्यांमध्ये हल्ली एक प्रश्न हटकून निघतो: हवामान बघून मार्ग काढून देणाऱ्या राउटिंग ॲपची वर्षाची वर्गणी भरावी का? मी भरली, आणि ईशान्य मोसमी वाऱ्याचा पूर्ण हंगाम ते वापरलं. आधी फुकेतहून श्रीलंकेतलं गॉल, मग मालदीवचं उत्तर टोक, आणि तिथून प्रवाळबेटांमधून हळूहळू दक्षिणेकडे. बोट चाळीस फुटी, सामानाने भरलेली, आणि माणसं दोनच. ॲपचं नाव देत नाही, कारण जे दोष सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने त्याच्या सगळ्याच भाऊबंदांत सापडतील.

निकाल आधीच सांगून टाकतो. कुठल्या दिवशी निघावं हे ठरवायला ॲप उत्तम आहे. कुठल्या महिन्यात निघावं हे त्याला विचारूच नये. आणि पोचण्याच्या वेळेबद्दल ते जे सांगतं, ते फक्त ऐकून घ्यावं.

आत काय चालतं ते समजलं की हे आपोआप पटतं. ॲप दोन गोष्टी घेतं: वाऱ्याच्या अंदाजाची ग्रिब फाइल, आणि आपल्या बोटीचा पोलर, म्हणजे कुठल्या कोनात किती वारा असला की बोट किती पळते याचा तक्ता. मग निघण्याच्या जागेपासून सगळ्या दिशांना बोट सोडून बघतं: तीन तासांत कुठवर जाल, सहा तासांत कुठवर, नऊ तासांत कुठवर. त्या टोकांना जोडणाऱ्या रेषा एकापुढे एक सरकत जातात. जी रेषा सगळ्यांत आधी मुक्कामाला टेकते, तिच्यावरून उलट मागे येत मार्ग काढला जातो. गणित चोख आहे. पण गणितात घातलेला पोलर खोटा असेल तर उत्तरही खोटंच येणार.

आणि पोलर खोटाच असतो. तो बोट बांधणाऱ्यांनी काढलेला. नवी शिडं, रिकाम्या टाक्या, गुळगुळीत तळ आणि सपाट पाणी धरून. आमच्या बोटीवर पाणी, डिझेल, जास्तीचा नांगर, सुटे भाग, आणि उबदार पाण्यात काही आठवडे उभं राहिल्यावर तळाला चढलेलं शेवाळ आणि शिंपले. शिवाय रात्री दोघंच असताना शेवटचा अर्धा नॉट (तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट) मिळवायला कुणी शिडांशी झटत बसत नाही. फुकेत ते गॉल सुमारे ११०० सागरी मैल. पहिल्यांदा ॲपने हे अंतर सात दिवसांच्या आत बसवून दाखवलं. आमचा हिशेब साडेपाच नॉटचा, म्हणजे दिवसाला १३२ मैल आणि एकूण आठ दिवसांच्या थोडं वर. पोलर ८० टक्क्यांवर आणला तेव्हा कुठे ॲपचा आकडा आमच्या आकड्याजवळ आला. ही टक्केवारी बदलायची सोय सेटिंगच्या तिसऱ्या पानात दडलेली आहे, आणि माझ्या मते ती पहिल्या पानावर ठळक असायला हवी. दर तासाला वाऱ्याचा खरा वेग, कोन आणि बोटीचा वेग वहीत लिहीत गेलो तर काही दिवसांत स्वतःचा पोलर तयार होतो. काम कंटाळवाणं आहे, पण पहाऱ्यावर जागं राहायला निमित्त मिळतं.

आता महिन्याबद्दल. हवामानाचा अंदाज काढणारं अमेरिकी मॉडेल, जीएफएस, दिवसातून चार वेळा चालतं आणि १६ दिवस पुढचं दाखवतं. युरोपीय मॉडेल त्याच्या शेजारी ठेवलं की चार-पाच दिवसांपर्यंत दोघांचं बऱ्यापैकी जुळतं. त्यापुढे दोघंही आपापल्या वाटेने जातात. सहा महिन्यांनी कुठे असावं, हा प्रश्न यात बसतच नाही. त्यासाठी पायलट चार्ट, म्हणजे कुठल्या महिन्यात कुठे कसा वारा आणि प्रवाह असतो हे दाखवणारे नकाशे. मॅथ्यू मॉरी या अमेरिकी नौदल अधिकाऱ्याने १८४० च्या दशकात जहाजांच्या जुन्या लॉगबुकांमधल्या नोंदी गोळा करून वाऱ्या-प्रवाहांचे नकाशे काढायला सुरुवात केली, त्या कामाची ही आजची पिढी. अमेरिकेची एनजीए ही संस्था ते काढते आणि ते फुकट उतरवता येतात. महासागराचं दर महिन्याला एक पान.

एकदा हे पान वाचायची सवय लागली की ॲपची रंगीत हलती चित्रं पोरकट वाटायला लागतात. समुद्राचे चौकोन पाडलेले, प्रत्येक चौकोनात एक निळं वर्तुळ. वर्तुळाकडे येणारा बाण म्हणजे त्या दिशेचा वारा. बाण जितका लांब तितका तो वारा त्या महिन्यात जास्त वेळा वाहतो, आणि शेपटाला जितकी पिसं तितका ब्यूफर्ट मोजणीतला त्याचा जोर. बाण फारच लांब होणार असेल तर तो मध्ये तोडून तिथे टक्केवारीचा आकडा छापतात. वर्तुळाच्या पोटातला आकडा म्हणजे वारा पडलेला असण्याची टक्केवारी. हिरवे बाण प्रवाहाचे. बंगालच्या उपसागराच्या दक्षिण भागाचं जानेवारीचं पान उघडलं की लांब बाण ईशान्येकडून येताना दिसतात. एप्रिलचं पान उघडा: बाण आखूड होऊन चारी दिशांना पसरलेले, आणि पोटातले आकडे फुगलेले. आपण काय करायचं हे सांगायला तिथे कुणी लागत नाही. या उपसागरात चक्रीवादळांचे दोन हंगाम आहेत, एक मे महिन्याच्या आसपास आणि दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, जो डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. नोव्हेंबरात वारा ईशान्येचा झालेला असतो, ॲपही सुरेख मार्ग काढून देतं, आणि तरीही जानेवारीपर्यंत थांबणारे शहाणे.

सगळ्याच उबदार समुद्रांना हे लागू. अटलांटिकमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा वादळांचा अधिकृत हंगाम. दक्षिण प्रशांत आणि हिंदी महासागराचा नैऋत्य भाग यांचा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. लांबची आखणी म्हणजे बहुतांशी या कुंपणांमधून वाट काढणं, आणि ती कॅलेंडर व पायलट चार्ट समोर ठेवून होते.

महिना ठरला की मग ॲपची खरी करामत. निघण्याच्या वेळा सहा-सहा तासांनी पुढे सरकवून ते सगळे मार्ग एका तक्त्यात मांडतं: किती तास लागतील, किती वेळ वारा २५ नॉटच्या वर, किती वेळ इंजिन. इंजिनचा रकाना आमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचा. आमचं इंजिन पाच नॉटला तासाला तीनेक लिटर डिझेल पितं. २०० लिटरची टाकी म्हणजे जेमतेम ३३० मैल, आणि त्यातला एक तृतीयांश शेवटच्या अडचणीसाठी राखलेला. फुकेतहून बाहेर पडताना अंदमान समुद्रात वारा पडला तर ही सगळी शिल्लक पहिल्या दोन दिवसांतच संपू शकते. तक्त्यात मंगळवारी निघाल्यास इंजिनचे तीस तास आणि गुरुवारी निघाल्यास सात, असं दिसल्यावर आम्ही गुरुवार धरला, आणि इंजिन खरोखर फारच थोडा वेळ लावावं लागलं. एवढ्या एका तक्त्यासाठी मी या ॲपला भरभरून गुण देतो.

वाटेत त्याला जे दिसत नाही त्याची यादी मात्र मोठी. अंदमान समुद्रात, वारा नसताना, काचेसारख्या पाण्यावर अचानक खळाळत्या लाटांचा पट्टा दिसतो. सरळ रेषेत, नजर पोचेल तिथवर लांब, आणि पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पाणी पुन्हा शांत. आवाज ओढ्याला पूर आल्यासारखा. रात्री हा आवाज अंधारातून जवळ येतो तेव्हा पहिला विचार खडकाचाच येतो. खोली मोजणारा डेप्थ साउंडर तळ लागत नाही म्हणतो, बोट दहा मिनिटं वेडीवाकडी हलते, आणि सगळं थांबतं. पाण्याच्या पोटात, वरच्या गरम आणि खालच्या थंड थरांच्या सीमेवर, प्रचंड लाटा सरकत असतात. त्यांचा पृष्ठभागावर उमटणारा हा ठसा. धोका फारसा नाही, पण पहाऱ्यावरच्या माणसाला आधी सांगून ठेवलेलं बरं. कुठल्याही ग्रिबमध्ये हा पट्टा नसतो.

स्क्वॉलचंही, म्हणजे ढगाखाली अचानक उठणाऱ्या सोसाट्याच्या वाऱ्याचंही, तेच. जीएफएसच्या जाळीचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे १५ मैलांचा, आणि वादळी ढग त्याहून छोटा. ॲप १२ नॉट म्हणत असतं आणि ढगाखाली काही मिनिटांत तिशी ओलांडते. आमचा नियम साधा: सूर्य मावळायच्या आत मुख्य शीड एक रीफ कमी, म्हणजे एक पट्टा गुंडाळून लहान केलेलं, मग आकाश कितीही स्वच्छ असो. वेग थोडा जातो, झोप मिळते. रात्री रडारवर बारा मैलांच्या टप्प्यात ढगांचे ठिपके बघत राहायचं.

गॉल सोडून पश्चिमेला निघालात की उजव्या हाताला मन्नारचं आखात. भारत आणि श्रीलंका यांच्यामधल्या फटीतून ईशान्य वारा दाटून बाहेर पडतो. मॉडेलला हे थोडंफार कळतं, पण जोर कमीच दाखवतं. आम्ही तिथे ॲपच्या आकड्यात सात-आठ नॉट मिळवूनच शिडं लावली. लाटांच्या आकड्याबद्दलही एक गोष्ट ध्यानात ठेवावी: ॲप दोन मीटर म्हणतं ती सगळ्यांत उंच एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. अधूनमधून त्याच्या जवळजवळ दुप्पट लाट येणं हे नेहमीचंच.

जहाजांची वर्दळ तर ॲपच्या गावीही नाही. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, डोन्ड्रा हेडपाशी, पूर्व-पश्चिम जाणाऱ्या मालवाहू जहाजांच्या ठरवून दिलेल्या मार्गिका आहेत. ॲपने गॉलकडे जाताना आमचा मार्ग त्या मार्गिकांमधून तिरका काढला. नियम सांगतो की मार्गिका ओलांडायचीच तर शक्य तितकं काटकोनात, आणि शिडाच्या बोटीने तिथे जहाजाला अडथळा व्हायचं नाही. आम्ही मार्गावर हाताने दोन टप्पे घालून रेषा वाकवली. किनाऱ्याजवळ मासेमारीच्या बोटींचा सुळसुळाट, आणि त्यातल्या अनेकांवर एआयएस, म्हणजे आपली जागा रेडिओवरून इतरांना कळवणारं यंत्र, नसतं. तिथे डोळ्यांना पर्याय नाही. उलट या भागात प्रवाह आपल्या बाजूने असतो. ईशान्य मोसमात श्रीलंकेच्या दक्षिणेचा प्रवाह पश्चिमेकडे वाहतो. एक नॉट म्हटलं तरी दिवसाला २४ मैल फुकट. ॲपमध्ये प्रवाहाची वेगळी फाइल घातली तरच तो मोजला जातो.

सगळ्यांत जास्त खटके उडाले ते पोचण्याच्या वेळेवरून. ॲपला लवकरात लवकर पोचायचं असतं. प्रवाळबेटांत ती चुकीची इच्छा. मालदीवमधल्या खोलींचे आकडे कित्येक ठिकाणी जुने किंवा विरळ, आणि नकाशावरचा खडक प्रत्यक्षात इकडेतिकडे. पाण्याखाली बुडालेला उंचवटा म्हणजे थिला, पृष्ठभागाजवळ आलेला म्हणजे गिरी. दोन्ही लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या पाण्यात, कुठेही उगवलेले. ते दिसतात फक्त सूर्य उंच आणि पाठीशी असताना, साधारण सकाळी दहा ते दुपारी तीन. गडद निळं म्हणजे खोल, फिकट हिरवट-निळं म्हणजे वाळू, तपकिरी म्हणजे प्रवाळ. एक जण पुढे, पोलराइज्ड चष्मा लावून, दुसरा सुकाणूवर. पश्चिमेकडे तोंड करून आत शिरायचं असेल तर सकाळच, पूर्वेकडे तोंड असेल तर दुपार. त्यात कंडू, म्हणजे बाहेरच्या समुद्रातून आत शिरायच्या वाटा, तिथला प्रवाह. ॲपने पहाटे चारला पोचवलेलं आम्हाला नेहमी दहापर्यंत ढकलावं लागलं. ‘अमुक वाजण्याआधी पोचू नको’ अशी अट घालायची सोयच नाही. मग आम्ही उलटा हिशेब मांडायचो: दहाला कंडूच्या तोंडाशी, म्हणून आदल्या संध्याकाळी इतके मैल शिल्लक, म्हणून आज शीड इतकं कमी. उपग्रहाच्या छायाचित्रांचा थर चार्टवर घालता आला तर हे काम खूप सोपं होतं. ओपनसीपीएन या फुकट प्रोग्रॅममध्ये आम्ही तो घातला होता.

आणि बॅरोमीटर. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठरलेल्या वेळी खालीवर होतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढलेला, पहाटे आणि दुपारी चारला उतरलेला, फरक तीनेक हेक्टोपास्कलचा. ही रोजची लय वहीत लिहिलेली असेल तरच बिघाड ओळखू येतो. लय वजा करून दाब नेहमीपेक्षा ३ ने खाली गेला तर सावध व्हायचं, ५ ने गेला तर वादळ जवळ आहे असं धरून चालायचं. ॲपला फोनच्या आतला दाबमापक वाचता येतो, पण ही वजाबाकी ते करत नाही.

नेट नसताना कसं चालतं, हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला. मार्गाचं गणित आमच्या ॲपमध्ये कंपनीच्या सर्व्हरवर होतं, त्यामुळे सॅटेलाइट इंटरनेट बंद पडलं की उरतो फक्त जुना मार्ग. यावर तोड म्हणून सेलडॉक्स या ईमेलवरून हवामान पाठवणाऱ्या सेवेला ईमेल पाठवून छोटी ग्रिब मागवायची: दहा अंशांचा चौकोन, फक्त वारा आणि दाब, सहा-सहा तासांचं. फाइल इतकी लहान की सॅटेलाइट फोनच्या गोगलगायी वेगावरही उतरते. ती ओपनसीपीएनमध्ये उघडून त्याच्या राउटिंग प्लगइनने बोटीवरच्या लॅपटॉपवरच मार्ग काढता येतो. दिसायला रूक्ष, शिकायला वेळखाऊ, पण गणिताची पद्धत तीच.

म्हणून वर्षाची वर्गणी मी पुन्हा भरणार नाही. मोठा पल्ला समोर असेल तेव्हा एका महिन्याची भरीन, निघण्याआधी आठवडाभर तो निघण्याच्या वेळांचा तक्ता रोज उघडीन. किनाऱ्या-किनाऱ्याने दिवसा फिरणाऱ्यांना याची गरजच नाही. वर्षभरात दोन-तीन महासागर ओलांडणाऱ्यांना मात्र वर्षाची योजना परवडेल. वर्गणी भरायच्या आधी चाचणीच्या काळात तीन गोष्टी तपासा: पोलरची टक्केवारी बदलता येते का, जहाजांच्या मार्गिका टाळण्यासाठी हद्द आखता येते का, आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकला तर पडद्यावर काय उरतं.